एलडीआर आणि डिस्प्ले: आधी दोघांची ताटातूट करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर) आणि आय-टू-सी पट्टी (दोन वायरींवरून डेटा देणारी) लावलेला १६ बाय २ एलसीडी, म्हणजे १६ अक्षरांच्या दोन ओळींचा पडदा, घेऊन खोलीतला उजेड लक्समध्ये, म्हणजे उजेडाच्या एककात, दाखवणारं यंत्र तुम्ही करताय. एका व्हिडिओत बघून सगळं एका दमात जोडलं. आता आकडा सारखा नाचतो, मध्येच ९८७३ असलं काहीतरी अशक्य दिसतं, एकदा तर पडद्यावर नुसते चौकोन आले. त्यात अंधार झाला की बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) लागावा अशी ओळ कोडमध्ये आहे, आणि अंधार केला की तो लुकलुकायला लागतो. सेन्सर खराब निघाला का, बदलू का, असं तुम्ही विचारलंय.

नका बदलू. तुमच्या चार तक्रारींपैकी एकही सेन्सर बिघडल्याची वाटत नाही. नाचणारा आकडा जोडणीचा किंवा मोजण्याच्या पद्धतीचा आहे. ९८७३ हे पडद्यावर लिहिण्याच्या पद्धतीमुळे येतं. चौकोन डिस्प्लेच्या पत्त्यामुळे (कोडनं त्याला हाक मारायचा क्रमांक) किंवा काँट्रास्टमुळे. लुकलुकण्यानं माझ्या दोन संध्याकाळी खाल्ल्या होत्या, म्हणून त्याकडे शेवटी सावकाश येते. खरी अडचण ही की ही चारही दुखणी तुम्हाला एकाच छोट्या पडद्यातून दिसताहेत. सेन्सर चुकीचं सांगतोय की पडदा चुकीचं दाखवतोय, हे ओळखायला तुमच्याकडे मार्गच नाही.

तेव्हा पहिलं काम: डिस्प्लेच्या चारही वायरी काढून ठेवा. कोडमधून त्याची लायब्ररीही (डिस्प्ले चालवणारा तयार कोड) काढा. उरेल ते एवढंच: ए० पिनवरचं रीडिंग घ्यायचं, सिरियल मॉनिटरवर (कॉम्प्युटरवर उनोचे आकडे दाखवणाऱ्या खिडकीत) छापायचं, २०० मिलिसेकंद थांबायचं, पुन्हा घ्यायचं. चार-पाच ओळींचं स्केच (आर्डुइनोच्या प्रोग्रॅमला हेच म्हणतात). आकडा कच्चा ठेवा. टक्के नको, लक्स नको. आणि मग अर्धा-पाऊण तास नुसतं त्याच्याशी खेळा. सेन्सरवर बोट ठेवा, तळहात दूरून जवळ आणा, मोबाइलचा टॉर्च मारा, खिडकीकडे वळवा. हे पोरखेळ वाटेल, पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हेच आधी करायला लावते. ‘अंधारात ८०, दिव्याखाली ६००, खिडकीत ९००’ हे आकडे एकदा डोक्यात बसले की पुढे पडद्यावर काही विचित्र आलं तर ते सेन्सरकडून आलेलं नाही, हे न तपासता कळतं.

आता हा आकडा येतो कुठून ते बघू, कारण नाचण्याचं कारण तिथेच आहे. एलडीआर हा उजेडाप्रमाणे रोध बदलणारा रेझिस्टर. उजेड वाढला की रोध कमी. पण उनोला रोध मोजता येत नाही, त्याला फक्त व्होल्टेज कळतं. म्हणून एलडीआरला एका ठरावीक रेझिस्टरशी एकापाठोपाठ जोडायचं: ५ व्होल्ट, मग एलडीआर, मग तो रेझिस्टर, मग ग्राउंड. दोघांच्या मधल्या सांध्यावरून एक वायर ए० ला. यालाच व्होल्टेज डिव्हायडर म्हणतात. उनोवरचा एटीमेगा३२८पी हे व्होल्टेज १० बिटांत मोजतो, म्हणजे ० ते १०२३. एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची.

तो ठरावीक रेझिस्टर किती घ्यायचा हे बहुतेक व्हिडिओंत ‘१० के लावा’ (के म्हणजे हजार ओहम) एवढ्यावर संपतं. बऱ्याचदा ते बरोबरही असतं, पण का ते कळलं पाहिजे. समजा तुमच्या वापरातल्या सगळ्यांत लख्ख उजेडात एलडीआर १ के दाखवतो आणि सगळ्यांत मंद उजेडात १०० के. सोबतीला १० के लावला तर रीडिंग साधारण ९३ ते ९३० फिरतं. त्याच जागी १ के लावला तर १० ते ५१२. १०० के लावला तर ५१२ ते १०१४. म्हणजे चुकीच्या रेझिस्टरनं मोजपट्टीचा निम्मा भाग फुकट जातो. दोन्ही टोकांच्या रोधांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं, त्याच्या जवळचा रेझिस्टर घ्यायचा. १ के आणि १०० के असतील तर १० के येतो. तुमच्याकडे मल्टिमीटर असेल तर एलडीआर सुटा धरून दोन्ही टोकं मोजा. यंत्र बाहेर उन्हात ठेवणार असाल तर एलडीआर काहीशे ओहमपर्यंत खाली येतो, मग १० के मोठा ठरतो आणि सगळी दुपार १००० च्या वरच चिकटून राहते. रात्रीचा अगदी मंद उजेड ओळखायचा असेल तर उलट, मोठा रेझिस्टर लागेल. हे तुमच्या जागेवर अवलंबून आहे. माझ्या टेबलावरचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

जाता जाता एक: १० के म्हणजे तपकिरी, काळा, नारिंगी. १ के म्हणजे तपकिरी, काळा, लाल. पिवळट दिव्याखाली लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात. मी अजूनही रेझिस्टर लावण्याआधी मीटरवर मोजते, आणि वर्षाकाठी एकदा तरी त्यामुळे वाचते.

आकडा नाचतो म्हणजे नेमका कसा नाचतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावर बदलतं. दोन-तीन अंकांनी खालीवर होत असेल तर ते नाचणं नव्हे, ते तसंच असतं. ३० ते ४० नं थरथरत असेल तर दिव्याकडे बघायला हवं. आणि कधी ३००, कधी ७००, उजेडाशी काही देणंघेणंच नाही, असं असेल तर मधल्या सांध्याची वायर ए० पर्यंत पोचलेलीच नाही. मोकळी पिन हवेतलं काहीही पकडते. त्या पिनजवळची वायर बोटानं चिमटीत धरा. आकडा उड्या मारायला लागला तर निदान पक्कं. हेच पुढे नेऊन बघा: आकडा कायम १०२३ च्या आसपास अडकलाय तर ग्राउंडकडची बाजू सुटली आहे. कायम शून्य असेल तर ५ व्होल्टची बाजू सुटली आहे. तीन वायरी, तीन लक्षणं. मीटर नसतानाही निदान होतं.

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) एक सापळा आहे. कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही लांब बोर्डांवर अखंड नसतात, मध्यभागी तुटलेल्या असतात. डाव्या अर्ध्यात ग्राउंड दिला आणि रेझिस्टर उजव्या अर्ध्यात खोचला की सगळं दिसायला अचूक आणि चालायला बंद. बोर्डावर छापलेली रेघ मध्ये खंडित झाली आहे का ते बघा. असेल तर दोन्ही अर्धे छोट्या वायरनं जोडून टाका.

डिव्हायडरला ५ व्होल्टच द्या, त्याच उनोचे. कोणी ३.३ व्होल्टच्या पिनला जोडून बसतो आणि मग रीडिंग ६७५ च्या वर का जात नाही म्हणून हैराण होतो. शिवाय यात एक फायदा आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. उनो मोजताना आपल्या स्वतःच्या ५ व्होल्टशी तुलना करतो. यूएसबीतून येणारे ५ व्होल्ट घसरून ४.७ झाले तरी डिव्हायडरचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात घसरतं, म्हणून आकडा जागचा हलत नाही. डिव्हायडरला वेगळ्या अडॅप्टरचं व्होल्टेज दिलंत की ही सोय गेली.

आता दिव्याचं. विजेवरचे बरेच दिवे एकसारखे तेवत नाहीत, ते विजेच्या आवर्तनाच्या दुप्पट वेगानं कमीजास्त होतात. ५० हर्ट्झची वीज असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झची असेल तर १२० वेळा. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही. एलडीआर तसा आळशी असतो, त्याला बदल कळायला वीस-तीस मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तो यातलं बरंच गिळून टाकतो. पण सगळं नाही. उनोला एक रीडिंग घ्यायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे तो या लाटेच्या कुठल्यातरी एका बिंदूवर बोट ठेवतो. कधी शिखरावर, कधी दरीत. उपाय सरासरीचा आहे, पण सरासरी किती वेळाची हे महत्त्वाचं. मी ५० मिलिसेकंद घेते. तेवढ्यात १०० हर्ट्झच्या पाच पूर्ण लाटा बसतात आणि १२० हर्ट्झच्या सहा, म्हणून कुठल्याही विजेवर हे चालतं. दर २ मिलिसेकंदांनी एक अशी २५ रीडिंग, बेरीज, भागिले २५. लागोपाठ धडाधड दहा रीडिंग घेऊन सरासरी काढली तर ती सगळी एका मिलिसेकंदात उरकतात, एकाच लाटेच्या एकाच उतारावर. तिचा इथे उपयोग नाही.

बेरजेत नवशिके हमखास फसतात ती एक जागा दाखवून ठेवते. उनोवर साधा इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) १६ बिटांचा असतो, ३२,७६७ च्या वर जाऊ शकत नाही. ३२ रीडिंगची बेरीज जास्तीत जास्त ३२,७३६, म्हणजे काठावर बसते. कुणीतरी ‘अजून गुळगुळीत व्हावं’ म्हणून ६४ करतो. मग मजा अशी की अंधारात सगळं नीट चालतं, आणि सरासरी ५११ च्या पुढे गेली की आकडा एकदम उणे होतो. माणूस एलडीआर उलटसुलट लावून बघतो. (एलडीआरला उलट-सुलट नसतंच, कसाही लावा.) बेरजेसाठी लाँग (इंटहून मोठा प्रकार) वापरा, प्रश्न मिटला.

आता तुमच्या लक्सकडे. इथे माझं मत जरा कठोर आहे: एलडीआरवर लक्स दाखवू नका.

तुम्ही ज्या कोडवरून काम करताय तो आधी रीडिंगवरून एलडीआरचा रोध काढत असणार: १० हजार गुणिले, कंसात १०२३ भागिले रीडिंग, वजा एक. रीडिंग ६०० असेल तर सुमारे ७ के. तोच हिशेब पूर्णांकात केला तर १०२३ भागिले ६०० म्हणजे १, वजा १ म्हणजे शून्य, आणि रोध शून्य. म्हणून तिथे १०२३.० असं दशांश चिन्हासह लिहावं लागतं. शिवाय रीडिंग शून्य आलं तर शून्यानं भागाकार होतो आणि पडद्यावर आकड्याऐवजी इन्फिनिटीची तीन इंग्रजी अक्षरं उमटतात, तेही सांभाळायला हवं. हे सगळं जमलं तरी पुढचा टप्पा डळमळीतच. नेहमीचा ५५२८ क्रमांकाचा एलडीआर १० लक्सला १० ते २० के असतो, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. म्हणजे एकाच पाकिटातल्या दोन नगांत दुपटीचा फरक चालतो. रोध आणि उजेड यांचं नातं सरळ रेषेतलं नाही, घातांकाचं आहे, आणि तो घातांक साधारण ०.६ ते ०.७. त्यामुळे रोधातली दुप्पट लक्समध्ये अडीच ते तीन पट होऊन बसते. कोडमधला आकडा त्या व्हिडिओ करणाऱ्याच्या एलडीआरचा आहे, तुमच्या नव्हे. पडद्यावर ‘३४७.२ लक्स’ असं दशांशासह उमटेल, आणि खरा उजेड १५० असू शकेल.

त्यात एलडीआरला आठवण असते. बराच वेळ अंधारात ठेवलेला आणि बराच वेळ उजेडात ठेवलेला एकच नग, एकाच दिव्याखाली थोडा वेगळा बोलतो. टॉर्च मारून लगेच झाकलात तर रोध पूर्ण चढायला कित्येक सेकंद घेतो; माहितीपत्रकात अंधारातला रोध दिवा बंद केल्यानंतर १० सेकंदांनी मोजलेला असतो तो याचमुळे. तुमचा आकडा ‘सावकाश खाली सरकतो’ असं कधी वाटलं असेल तर ते हेच.

मग दाखवायचं काय? टक्के दाखवा, आणि तेही कच्च्या रीडिंगवरूनच. आपला डोळा उजेड पटीत ओळखतो. घरातल्या दिव्याखाली एक-दोनशे लक्स, ढगाळ दिवसा बाहेर दहा हजारांच्या आसपास, भर उन्हात लाखभर. लक्स सरळ टक्क्यांत बसवले तर घरातला सगळा उजेड १ टक्क्याच्या आत गडप होतो. पण एलडीआर आणि रेझिस्टर यांच्या जोडीचं रीडिंग असं वागतं की मधल्या पट्ट्यात उजेड दुप्पट झाला की आकडा जवळजवळ ठरावीक अंतरानं वाढतो. म्हणजे या साध्या जोडणीत डोळ्याच्या जाणिवेशी मिळतीजुळती पट्टी आयती मिळते, आणि आपण मात्र सूत्र लावून ती मोडतो. सुरुवातीच्या अर्ध्या तासात तुम्ही टिपलेले दोन आकडे, हातानं झाकल्यावरचा आणि तुमच्या खोलीतल्या सगळ्यांत लख्ख जागेचा, ते ० आणि १०० धरा. मधलं मॅप करा (एका पट्टीवरचा आकडा दुसऱ्या पट्टीवर बसवणारी आर्डुइनोची आज्ञा). मॅप टोकांच्या बाहेर गेल्यावर अडवत नाही, १०७ टक्के किंवा उणे ३ टक्केही देतो, म्हणून पुढे कन्स्ट्रेन (आकडा दोन टोकांच्या आत अडवणारी आज्ञा) लावा.

लक्सच हवे असतील, झाडांसाठी किंवा फोटोसाठी, तर एलडीआर बाजूला ठेवून बीएच१७५० हा तयार उजेड-सेन्सर घ्या. तो लक्सच्या जवळचा आकडा थेट देतो, एका मोजणीला सुमारे १२० मिलिसेकंद घेतो, आणि तुमच्या डिस्प्लेच्या त्याच दोन वायरींवर बसतो. त्याचा पत्ता हेक्स (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत) २३ किंवा ५सी असतो, डिस्प्लेशी भांडण होत नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो साधारण ५४,६०० लक्सच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे भर उन्हात तोही डोकं टेकतो. पण पहिल्या प्रकल्पाला मी एलडीआरच सुचवेन. बीएच१७५० मध्ये सगळं आतच होतं, शिकण्यासारखं फारसं उरत नाही.

आता डिस्प्ले परत आणा. पण एलडीआर न वापरता, एकटा. नुसतं ‘नमस्कार’ रोमन अक्षरांत लिहून दाखवा.

वरच्या ओळीत भरीव चौकोन आणि खालची ओळ कोरी, असं असेल तर डिस्प्लेला वीज मिळतेय पण त्याच्याशी अजून कुणी बोललेलं नाही. एचडी४४७८० ही नियंत्रक चिप असलेले, म्हणजे तुमच्यासारखे, सगळे पडदे असंच वागतात. म्हणजे पत्ता चुकलाय किंवा डेटाची वायर सुटलीय. मागच्या हिरव्या-काळ्या पट्टीवरची चिप पीसीएफ८५७४ असेल तर पत्ता बहुधा हेक्स २७, आणि नावाच्या शेवटी ‘ए’ असेल तर ३एफ. अंदाज करत बसू नका, आय-टू-सी स्कॅनरचं स्केच चढवा, ते सापडलेला पत्ता छापून देतं. काहीच सापडलं नाही तर एसडीए (डेटाची वायर) आणि एससीएल (ठेक्याची, म्हणजे क्लॉकची वायर) यांची अदलाबदल झालीय का बघा. दोन्ही ओळी पूर्ण कोऱ्या पण बॅकलाइट चालू असेल तर पट्टीवरचा छोटा निळा ठोकळा, म्हणजे काँट्रास्टचा प्रीसेट, बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं हळूहळू फिरवा. कित्येक नवे डिस्प्ले केवळ एवढ्यासाठी ‘खराब’ ठरून परत गेलेले मी पाहिलेत.

उनोवर एसडीए म्हणजे ए४ आणि एससीएल म्हणजे ए५. एआरईएफ लिहिलेल्या पिनच्या शेजारी वेगळ्या दोन पिना दिसतात, त्याही आतून याच आहेत. एलडीआर चुकून ए४ वर असेल तर दोघंही बिघडल्यासारखे वागतील. तुमची जोडणी ए० वर असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

आणि ९८७३. आधीचं रीडिंग १०१३ होतं, नवं आलं ९८७. लायब्ररीनं डावीकडून ९, ८, ७ लिहिलं. चौथ्या घरातला जुना ३ तसाच राहिला, कारण तो पुसायला कुणी सांगितलं नाही. एलसीडीवरचं अक्षर पाटीवरच्या खडूसारखं असतं. त्यावर दुसरं लिहीपर्यंत ते तिथंच. बहुतेक जण यावर दर वेळी क्लिअर (आख्खा पडदा पुसायची आज्ञा) मारतात. त्यानं ३ जातो खरा, पण आख्खा पडदा क्षणभर कोरा होऊन प्रत्येक फेरीला चमकतो, शिवाय क्लिअर ही त्या पडद्याची सगळ्यांत संथ आज्ञा आहे. त्यापेक्षा आकड्याला कायम चार घरं द्या: हजारापेक्षा कमी असेल तर आधी एक रिकामी जागा छापा, शंभरापेक्षा कमी असेल तर अजून एक, दहापेक्षा कमी असेल तर तिसरी. आकडा उजवीकडे टेकून राहतो, डोळ्यालाही बरं. ‘उजेड’ वगैरे न बदलणारे शब्द सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात) एकदाच लिहा.

मराठीत लिहिता येईल का, हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून सांगते. या पडद्यात देवनागरी नाही. स्वतः काढलेली आठ चिन्हं एका वेळी साठवता येतात, प्रत्येक ५ बाय ८ ठिपक्यांचं. ‘अंधार’ त्यात कसाबसा बसतो, अनुस्वारासाठी एक ठिपका राखावा लागतो. जोडाक्षरांच्या वाटेला मात्र जाऊ नका.

आता लुकलुकणं. मी पहिल्यांदा असं यंत्र केलं तेव्हा एलडीआर डिस्प्लेच्या शेजारी, दोन बोटांवर खोचला होता. अंधार झाला की बॅकलाइट लागावा, उजेड आला की विझावा, अगदी तुमच्यासारखंच. दिवसा झकास. संध्याकाळी दिवा घालवला आणि पडदा सेकंदाला दोन-तीनदा उघडझाप करायला लागला. मी कोड दोनदा पुन्हा लिहिला. वायरी बदलल्या. उनोही बदलला. दुसऱ्या संध्याकाळी वैतागून पडद्यावर वही आडवी ठेवली आणि लुकलुकणं थांबलं. वही उचलली, पुन्हा सुरू. अंधार झाला म्हणून बॅकलाइट लागत होता, बॅकलाइटचा उजेड एलडीआरवर पडत होता, एलडीआरला वाटत होतं उजाडलं, म्हणून बॅकलाइट विझत होता, आणि पुन्हा अंधार. कोड पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

यावर दोन गोष्टी कराव्या लागतात, आणि दोन्ही कराव्या लागतात. एक हाताची: एलडीआरला काळ्या हीट-श्रिंक नळीचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा चढवा, तोंड पडद्यापासून दूर, आणि नळी मागच्या बाजूनंही पायांपर्यंत ओढून घ्या. नळी नसेल तर काळा कागद गुंडाळून चिकटवा. उनोवरचा बारीक दिवाही अंधाऱ्या खोलीत चांगला उजेड पाडतो, तोंड त्याच्याकडेही नको. दुसरी कोडमधली: लागायचा आणि विझायचा आकडा एकच ठेवू नका. समजा २०० च्या खाली गेलं तर लावा, पण विझवा मात्र ३०० च्या वर गेल्यावर. मधल्या पट्ट्यात असेल तर आधी जे होतं तेच चालू द्या. हा पट्टा किती रुंद ठेवायचा ते असं ठरवा: खोली अंधारी करा, बॅकलाइट हातानं चालू-बंद करून सिरियल मॉनिटरवर रीडिंग किती हलतं ते बघा. ४० नं हलत असेल तर १०० चा पट्टा पुरे. नळी लावूनही १५० नं हलत असेल तर पट्टा वाढवण्याआधी एलडीआर लांब न्या.

फेरीच्या वेगाबद्दल एवढंच: मोजणं सतत चालू द्या, पण पडद्यावर सेकंदाला दोन-तीनदाच लिहा. त्याहून वेगानं बदलणारा आकडा वाचताच येत नाही, आणि ‘नाचतो’ ही तक्रार निम्मी तिथेच संपते. डिलेऐवजी (उनोला थांबवून ठेवणारी आज्ञा) मिलीज (सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारी) वापरून ‘३५० मिलिसेकंद झाले का’ असं विचारत राहिलात तर पुढे बटण जोडताना त्रास होणार नाही. पहिल्या आवृत्तीत डिले असला तरी काही बिघडत नाही.

वर सांगितलेले आकडे उनोचे आहेत. ईएसपी३२ (वाय-फाय असलेला दुसरा बोर्ड) वर करणार असाल तर डिव्हायडरला ३.३ व्होल्ट द्या, ५ अजिबात नको, पिन जाईल. तिथे रीडिंग ० ते ४०९५ असतं आणि दोन्ही टोकांना वाकडं, म्हणून मधला भागच विश्वासाचा. वाय-फाय वापरायचं असेल तर एडीसी-१ च्याच (त्यातल्या व्होल्टेज मोजणाऱ्या पहिल्या भागाच्या) पिना निवडा. आणि एलसीडीऐवजी १२८ बाय ६४ चा ओलेड घेतलात, तर त्याचं चित्र साठवायला १०२४ बाइट लागतात. उनोकडे एकूण मेमरी २०४८. नेहमीच्या लायब्रऱ्या ही जागा चालू झाल्यावर मागतात, त्यामुळे अपलोड करताना दिसणाऱ्या हिशेबात ती येत नाही; कोड चढतो आणि पडदा काळाच राहतो. तसं झालं तर छापायची लांबलचक वाक्यं एफ मॅक्रोमध्ये घाला, म्हणजे ती या मेमरीत जागा अडवत नाहीत.

कामाचा क्रम थोडक्यात: एलडीआर एकटा, मग रेझिस्टर पक्का, मग ५० मिलिसेकंदांची सरासरी, मग डिस्प्ले एकटा, मग दोघं एकत्र, आणि बॅकलाइटची ओळ सगळ्यांत शेवटी, नळी चढवल्यावर. प्रत्येक टप्प्याचं स्केच वेगळ्या नावानं जपून ठेवा, म्हणजे पुढे काही मोडलं तर एक पायरी मागे जाता येतं.

एवढं करून मला तीन आकडे कळवा: एलडीआर पूर्ण झाकल्यावरचं रीडिंग, खोलीतल्या सगळ्यांत लख्ख जागेचं रीडिंग, आणि अंधारात बॅकलाइट चालू केल्यावर रीडिंग किती हललं ते. पहिल्या दोनांवरून रेझिस्टर बदलायचा का ते सांगेन, तिसऱ्यावरून नळी पुरेशी लांब आहे का ते.